मोकळा हात

‘फ्रीहँड’ हा शब्द मराठी घरांत आला तो चित्रकलेच्या परीक्षांबरोबर. जुन्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटमध्ये त्या नावाचा पेपरच असे. कागदाच्या मधोमध उभी रेघ आखायची, डावीकडे नक्षीची अर्धी बाजू काढायची आणि उजवीकडे तीच तंतोतंत उतरवायची. पट्टी-कंपास नाही, एवढ्यापुरताच हात मोकळा!

ही शिस्त इंग्रजी अमदानीतली. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाले आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या शिक्षणक्रमाचा प्रभाव इथल्या चित्रशिक्षणावर पडला. त्या शिस्तीने अनेक हातांना वळण लावले, हे खरेच. पण रेघ नीट आली, तरी पाहणे राहून गेले.

समोरचे पाहून रेखाटणारा माणूस त्याआधीही पुण्यात होता. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी १७९०च्या दशकात गंगाराम चिंतामण तांबट चित्रे काढी. वेरूळची लेणी त्याने रेखाटली, तसा पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही. असा जिवंत गेंडा काही नक्षीसारखा अर्धा काढून उलटवता येत नाही. तो पाहावाच लागतो. गंगारामची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

मोकळ्या हाताची खरी परीक्षा द्यायची असेल, तर भोर-वेल्ह्याकडे जावे. वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. तोरण्यावरून राजगड पाहा. मध्ये बालेकिल्ला आणि तीन अंगांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. डावी बाजू उजवीकडे उतरवायची सोयच नाही. साधे पेन घ्यावे. शाई खोडता येत नाही, म्हणून रेघ ओढण्याआधी डोळा थांबतो. चुकली तर राहू द्यावी, शेजारी दुसरी ओढावी. डोंगर कसा उमगत गेला, त्याचा हिशेब त्या दोन रेघांत राहतो.

मोबाइलमध्ये गडाचे शंभर फोटो घेऊन आपण खाली उतरतो आणि सुवेळेचे नेढे नेमके कुठे होते, ते मात्र आठवत नाही. भोरचा राजवाडा, नीरेचा काठ, गुंजवण्याची वाट यांतले काहीही निवडा. चित्र सुंदर येईलच असे नाही. पण जे काढले, ते पाहिलेले असेल.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)