मोडलेला मणका आणि थकलेले पोलाद

नारळाच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून माणूस पायांवर आदळला, की काय होते पाहा. सगळा भार उभ्या कण्यातून जातो आणि एखादा मणका मडक्यासारखा चहूबाजूंनी फुटतो. त्याचा तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर रुतला, तर कमरेखालचे अंग लुळे पडू शकते.

हे दुखणे जुनेच. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्ती पपायरसात, डोक्यावर पडून मानेचे मणके एकमेकांत रुतलेल्या माणसाची नोंद आहे. निकाल एवढाच, की यावर इलाज नाही!

'बर्स्ट फ्रॅक्चर' हे नाव रूढ केले शेफील्डच्या फ्रँक होल्ड्सवर्थ यांनी, १९६३ साली. मागचे स्नायुबंध शाबूत असले तर अशी मोड स्थिर असते, प्लॅस्टर पुरते, असे त्यांचे मत.

पण धातूचा मोह सुटेना. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी पोलादी सळई आणि आकडे बनवले होते. आरंभी त्यांनी नुसती सळईच बसवली. आकडे निसटले, सळया मोडल्या. मग उमगले, की मणके हाडाने एकमेकांना सांधून घेतले पाहिजेत. तुम्ही तार वाकवून वाकवून तोडली असेल ना? पोलादाचेही तेच होते. कमानीखालच्या लाकडी टेकूने चुना सुकेपर्यंतच भार घ्यायचा. चुना सुकलाच नाही, तर टेकू कधीतरी मोडणारच.

हीच सळई पुढे मोडलेल्या कण्यालाही लागली. त्याच सुमारास पॅरिसचे रॉय-कामिल मणक्यात मागून स्क्रू घालू लागले. मग लोभ वाढला: मोडलेल्याच्या वर एक, खाली एक, एवढेच मणके बांधू, म्हणजे बाकीची पाठ मोकळी राहील. पण चुरडलेला मणका ताणून उंच केला की पुढे पोकळी उरते, आणि भार स्क्रूंवर येतो. ते मोडू लागले. १९९४ साली मॅककॉर्मॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडलेल्या स्क्रूंचाच हिशेब मांडला. चुरा किती, तुकडे किती विखुरले, वाक किती सरळ केला, याला प्रत्येकी तीनपर्यंत गुण. नवांपैकी सात किंवा अधिक आले, तर पुढूनही आधार द्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत प्रामाणिक पान.

आणि २००३ साली अमेरिकेत तुलना झाली, तेव्हा मज्जातंतू शाबूत असलेल्या स्थिर मोडीत शस्त्रक्रियेने दीर्घकाळात फारसा जास्त लाभ दिसला नाही. म्हणजे होल्ड्सवर्थ अगदीच चुकले नव्हते, बरे का!