सैरंध्रीची फिर्याद

१९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्याचा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक शोधूनही सापडला नसता. विराटपर्वातली ही कथा मराठी माणसाने मुक्तेश्वराच्या ओव्यांतून, मोरोपंतांच्या आर्यांतून आणि देवळातल्या पुराणिकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली होती. राजा दुबळा, त्याचा मेहुणा माजलेला, द्रौपदी दासीच्या वेषात आणि भीम मुदपाकखान्यात. तरी प्रयोगांना गर्दी लोटत होती, कारण रंगमंचावर उभ्या राहिलेल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता.

नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे, लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तले बिनीचे सहकारी. व्हाइसरॉय कर्झन १९०५ च्या अखेरीस हिंदुस्थान सोडून गेला होता, पण त्याची भाषा लोक विसरले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्याने सत्यनिष्ठा हा मुख्यतः पाश्चात्त्यांचा आदर्श असल्याचं सुनावलं होतं, आणि १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली होती. जखम ताजी होती. खाडिलकरांनी ती जुन्या कथेच्या अंगावर दाखवली. महाभारतातल्या पात्रांच्या तोंडी राज्यकर्ता आणि दास यांची भाषा घातली की सरकारला आक्षेप तरी कशावर घेता येणार?

पण खाडिलकरांनी ही कथा निवडली ती केवळ आडोशासाठी, असं म्हणणं अपुरं ठरेल. सूड, मान आणि सत्ता यांचा एवढा घट्ट पीळ महाभारतातही फार ठिकाणी नाही.

मूळ प्रसंग सावकाश पाहण्यासारखा आहे. पांडवांचं अज्ञातवासाचं वर्ष संपत आलेलं आहे. द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेकडे राहते. उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, अशा अटी घालून ती राहिली आहे. सुदेष्णेचा भाऊ कीचक तिच्यावर नजर ठेवतो आणि बहिणीलाच मध्यस्थ करतो. मद्य आणायच्या निमित्ताने राणी तिला त्याच्या घरी पाठवते. तो हात धरतो, ती निसटून थेट राजसभेत धावते, आणि भर सभेत, राजाच्या डोळ्यांदेखत, कीचक तिला लाथ मारतो.

तिथे विराट आहे, आणि कंक नावाने द्यूत खेळणारा युधिष्ठिरही आहे. भीम दात-ओठ खात समोरच्या झाडाकडे पाहू लागतो. प्रचलित पाठात युधिष्ठिर त्याला आवरतो तो मोठ्या शिताफीने: आचाऱ्याला सरपण हवं असेल तर त्याने बाहेरचं झाड पाहावं. द्रौपदी राजाला त्याचा धर्म विचारते. विराटाचं उत्तर आजच्या कचेरीतही शोभेल. तुमच्या दोघांचं भांडण माझ्या माघारी झालं, त्याची खरी हकीकत मला माहीत नाही, मग न्याय कसा करू? लाथ मात्र त्याच्या समोरच बसलेली असते. आणि तिचा स्वतःचा नवरा काय म्हणतो? नटीसारखी रडू नकोस, राजसभेतल्या खेळात तुझ्यामुळे व्यत्यय येतो आहे, सुदेष्णेकडे जा.

द्रौपदीच्या आयुष्यातली ही दुसरी सभा. हस्तिनापूरच्या सभेत तिने प्रश्न विचारला होता: युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवलं की मला? त्या प्रश्नाला सभेने सरळ उत्तर दिलं नव्हतं. विराटाच्या सभेनेही दिलं नाही. दोन्ही ठिकाणी फासे पडत होते, दोन्ही ठिकाणी थोरामोठ्यांना आपापली अडचण होती. विराटाची अडचण उघड आहे. कीचक त्याचा सेनापती, राज्याचं सगळं बळ त्याच्या हातात. ज्याच्या जोरावर गादी टिकते त्याला शिक्षा करायची तर गादीच डळमळते.

मग ती रात्री उठून स्वयंपाकघरात जाते. युधिष्ठिराकडे किंवा बृहन्नडा झालेल्या अर्जुनाकडे न जाता ती भीमाला जागं करते. चंदन उगाळून घट्टे पडलेले हात त्याला दाखवते. भीम ते हात आपल्या तोंडाशी धरून रडतो. अज्ञातवासाचे थोडे दिवस उरले आहेत, कळ काढ, असं तो आधी म्हणतो. ती ऐकत नाही. उद्या सूर्य उगवला आणि कीचक जिवंत असला तर मी विष घेईन, असं सांगते. रात्री ओस पडणाऱ्या नृत्यशाळेत कीचकाला बोलावण्याचा बेत ठरतो. अंधारात पलंगावर भीम पडून राहतो. मागे उरतो तो कीचकाचा हातपाय ओळखू न येणारा मांसाचा गोळा. त्यानंतर कीचकाचे १०५ भाऊबंद द्रौपदीला प्रेताबरोबर जाळायला निघतात, विराट त्यालाही मान डोलावतो, आणि भीम झाड उपटून त्या सर्वांना मारतो. घाबरलेल्या सुदेष्णेकडे सैरंध्री फक्त तेरा दिवसांची मुदत मागते.

सेनापती मेल्याची बातमी फुटताच त्रिगर्त आणि कौरव विराटाच्या गोधनावर चालून येतात. एका दासीच्या अपमानाची दखल न घेणाऱ्या राज्यावर ही वेळ येते.

खाडिलकरांचा काळ या कथेत कसा बसला, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, मुठी आवळणारा भीम म्हणजे जहाल, आणि विटंबना झालेली सैरंध्री म्हणजे देश. त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल खरोखरच फुटले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आलं. नाटक चालूच होतं.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. पुढच्याच महिन्यात ‘कीचकवध’वर बंदी आली. नाटकं थांबवण्याचं हत्यार सरकारपाशी १८७६ पासूनच होतं. युवराजांच्या भेटीवरून कलकत्त्यात झालेल्या एका बंगाली प्रहसनाने चिडून तो कायदा करण्यात आला होता. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या नाटकाची आवर्जून दखल घेतली. त्याच पुस्तकावरून टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये तो हरले. सरकारने नाटक बंद केलं, पण विराटपर्व बंद करणं कुणालाच शक्य नव्हतं.

या यशाची एक किंमतही पडली, आणि ती बोलून दाखवायला हवी. सैरंध्रीत देश पाहताना तिची स्वतःची फिर्याद मागे पडली. वाद राहिला तो पुरुषांचा: सबुरी की घाव? महाभारतात मात्र सूडाचा बेत पुढे रेटणारी तीच आहे. भीमाला निवडते ती, मुदत नाकारते ती, कीचकाला बोलावते ती. मान तिचा, आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्कही तिचाच, हे व्यासांनी मोठ्या धीटपणे मांडलं आहे. रूपकाच्या झगमगाटात हा धीटपणा झाकला जाणं हे मोठं नुकसान आहे.

१८७६ चा तो कायदा २०१८ च्या जानेवारीत रद्द झाला. विराटपर्वाची चिकित्सक आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३६ मध्येच रघुवीर यांच्या संपादनाखाली काढली आहे. आजच्या एखाद्या नाटक मंडळीने खाडिलकरांची संहिता आणि मूळ पर्व शेजारी ठेवून हे नाटक पुन्हा उभं करावं, आणि या खेपेला सैरंध्रीला सभेत शेवटपर्यंत बोलू द्यावं.