स्पिनरबेटला रबरी शेपूट का लावतात? गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांसाठी सोपी माहिती

सातपाटी म्हटले की पापलेट आणि दालदी जाळी आठवतात. पण १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात तिथल्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. नेमक्या याच दिवसांत पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नदीतले मासे ओढ्यांतून आणि भातखाचरांतून वर चढू लागतात. पालघर, ठाणे, रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. गळाला गांडूळ लावून गरवणे ही इथली जुनी रीत. आता रीळ लावलेली काठी आणि खोटे आमिष घेऊन सूर्या-वैतरणेच्या काठी जाणारेही आहेत. या खोट्या आमिषांपैकी एक म्हणजे स्पिनरबेट. त्याच्या मागे जोडलेला मऊ रबरी तुकडा म्हणजे ट्रेलर. तो नेमके काय करतो, ते पाहू.

स्पिनरबेट म्हणजे काय?

सेफ्टी पिन अर्धी उघडून धरली तर दिसेल तसा तारेचा आकार. वरच्या दांडीला गरगर फिरणारी धातूची एक किंवा दोन पाती. खालच्या दांडीला शिशाचे डोके, त्यावर सिलिकॉनच्या दोऱ्यांची झालर आणि झालरीत लपलेला एकच गळ. गळाचे टोक वर असते आणि तार पुढे असते, त्यामुळे पाणवनस्पतीत आणि बुडालेल्या फांद्यांत हे आमिष तुलनेने कमी अडकते. अमेरिकेत ते बास नावाच्या माशासाठी लोकप्रिय झाले. आपल्याकडे ते मुख्यतः मरळीसारख्या शिकारी माशांसाठी वापरतात. रोहू-कटल्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण ते मासे दुसऱ्या माशामागे धावत नाहीत.

ट्रेलर लावल्याने काय बदलते?

• आकार : झालरीच्या मागे अंग आणि शेपूट आल्याने आमिष खऱ्या माशासारखे भरीव दिसते.
• वेग : मऊ तुकडा पाण्याला अडवतो. आमिष हळू बुडते, त्यामुळे रीळ सावकाश फिरवूनही ते तळाला न जाता मधल्या पाण्यात राहते.
• हालचाल : पाते पुढे थरथरते, तर शेपूट मागे वळवळते. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा ही थरथर आधी ओळखतो.

थोडक्यात, ट्रेलर म्हणजे नुसती सजावट नाही. त्याने आमिषाचा वेग आणि खोली दोन्ही बदलतात. म्हणून निवड रंगावरून नको, पाण्यावरून करा.

कोणत्या पाण्यात कोणता?

गढूळ पाणी : गोल पाते आणि रुंद, जाड शेपटीचा गडद ट्रेलर.
स्वच्छ पाणी : लांबट पानासारखे पाते आणि बारीक, फिक्या रंगाचा ट्रेलर. इथे मासा आमिष नीट निरखतो, त्यामुळे जास्त वळवळ उलटी पडते.
थंडीचे दिवस : मासा सुस्त असतो, म्हणून हळू ओढता येईल असा भरीव ट्रेलर.
दाट शेवाळ किंवा कमळाची पाने : इथे स्पिनरबेटपेक्षा पाण्यावर तरंगणारा रबरी बेडूक बरा. स्पिनरबेट पानांच्या कडेने आणि मोकळ्या फटींतून ओढा.

कसा लावायचा?

१. ट्रेलर गळाशेजारी धरा आणि गळाचे टोक कुठे बाहेर येईल, तिथे नखाने खूण करा.
२. तोंडाकडून टोक आत घाला, मधोमध नेऊन खुणेवर बाहेर काढा.
३. ट्रेलर वर सरकवून झालरीच्या आत डोक्याला टेकवा.
४. काठाजवळ ओढून बघा. आमिष कलंडत किंवा गोल फिरत असेल तर ट्रेलर वाकडा बसला आहे किंवा फार मोठा आहे.

झटका लागतो पण मासा गळाला लागत नाही, असे वारंवार झाले तर मासा शेपूट चावून जातो आहे. ट्रेलर पुढच्या बाजूने थोडा कापून आखूड करा. काही जण मागे जादा गळ जोडतात, पण त्याने आमिष वनस्पतीत जास्त अडकते आणि सोडायच्या माशाला जखमही मोठी होते.

घरी आल्यावर ट्रेलर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. वेगवेगळे मऊ प्लास्टिक एकत्र राहिले तर विरघळून चिकटते.

तुटलेले तुकडे कुठे जातात?

मरळीच्या दातांनी ट्रेलर फाटतो. हे तुकडे पाण्यात कुजत नाहीत आणि माशाने गिळले तर पचतही नाहीत. फाटलेला ट्रेलर आणि तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणा.

पावसाळ्यात कुठे थांबायचे?

वलगणीचे मासे अंडी घालायलाच वर चढतात. मरळ तर पिल्लांची राखणही करते. पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा थवा खळबळताना दिसला की खाली आईबाप असतात. आमिष थव्यातून ओढले तर ते भुकेने नाही, तर पिल्लांना वाचवायला झडप घालतात. ते पकडले गेले की उघड्यावर पडलेला थवा इतर मासे आणि बगळे फस्त करतात. असा थवा दिसला तर काठी दुसरीकडे वळवा.

धामणीसारख्या धरणात गरवण्याआधी परवानगीची चौकशी करा, कारण जलाशयांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे मानून राखलेले आहेत. तिथे गळ टाकायचाच नाही.

पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. समुद्रात लहान पापलेट सुटावे म्हणून जाळ्याच्या आसाचा आकार मोजतात. गळाला आस नसते. कोणता मासा ठेवायचा आणि कोणता सोडायचा, हे काठी धरणाऱ्यालाच ठरवावे लागते.