लिव्ह-इन नात्यातील मालमत्ता हक्क (भारत)

विवाह न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारांच्या मालमत्तेविषयी भारतात स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधील वारसांत अशा जोडीदाराचा समावेश नाही. त्यामुळे मृत्युपत्र नसल्यास सहसा त्याच्या वाट्याला काही येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १७ नुसार विवाहसदृश नात्यातील स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. हा हक्क निवासाचा आहे, मालकीचा नव्हे. हा भेद बहुधा घर सोडण्याची वेळ आल्यावरच ध्यानी येतो. धन्नूलाल विरुद्ध गणेशराम (२०१५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीप्रमाणे केलेल्या दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे गृहीत धरले. मात्र हे गृहीतक विरुद्ध पुराव्याने खोडता येते.