गाठ, सुई आणि सहा महिने

अलिबाग तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. सकाळच्या सत्रात कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाल्या. जेवणाच्या सुट्टीत एक बाई डबा हातात घेऊन आमच्याजवळ आल्या. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या भाचीला स्तनात गाठ लागली होती. सोनोग्राफी झाली, सुईने तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितले, “साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.” घरात मात्र वादळ उठले होते. आईचे म्हणणे, काढूनच टाका. आजीचे म्हणणे, सुई टोचली तिथेच चुकले, आता ती पसरणार. शिवाय मुलीचे लग्न ठरायचे होते. बाईंनी विचारले, “गाठ आहे हे दिसत असताना डॉक्टर नुसते थांबा कसे म्हणतात?”

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. रोग्याला सल्ला देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण “थांबा” हा एक शब्द वैद्यकाला किती उशिरा उच्चारता आला, ती गोष्ट आम्हांला ठाऊक होती. तीच इथे सांगतो.

सगळ्या गाठी सारख्या नसतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ असा भेद केलेला आहे. अर्बुदाचे वर्णन गोल, न हलणारे, थोडेसेच दुखणारे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे येते. हे निरीक्षण बारकाईचे आहे. पण ते बोटांनी आणि डोळ्यांनी केलेले निरीक्षण आहे. गाठीच्या आत काय आहे ते कळण्याचा मार्ग तेव्हा नव्हता.

लंडनमधील शस्त्रवैद्य ॲस्ले कूपर यांनी १८२९ साली स्तनाच्या विकारांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग कर्करोग नसलेल्या गाठींना वाहिलेला होता. पाण्याने भरलेल्या गाठी वेगळ्या आणि तरुण स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या, बोटाखालून सरकणाऱ्या टणक गाठी वेगळ्या, अशी त्यांनी विभागणी केली. तेव्हा भूल देण्याचे औषध नव्हते. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये झाले ते १८४६ साली. म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीला कर्करोग समजणे याचा अर्थ एखाद्या स्त्रीला शुद्धीवर असताना विनाकारण सुरीखाली झोपवणे असा होता. योग्य नाव देण्याला इतके मोल होते.

कूपर यांच्यानंतर नऊच वर्षांनी, १८३८ साली, जर्मनीतील योहानेस म्युलर यांनी गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्या पेशींच्या बनलेल्या असतात हे दाखवले. आता प्रश्न पेशींकडे गेला. बाईंच्या भाचीसारख्या तरुण मुलींमध्ये बहुधा जी गाठ असते तिला फायब्रोॲडिनोमा म्हणतात. तिच्यात ग्रंथींच्या पेशी आणि त्यांना आधार देणारी ऊती अशी दोन्ही वाढलेली असतात, पण आपली हद्द सोडून शेजारी घुसत नाहीत. म्हणून ती बोटाखाली सरकते. कर्करोगाच्या पेशींची केंद्रके मोठी व वेडीवाकडी असतात, पेशी एकमेकींना सोडतात आणि शेजारच्या ऊतीत शिरतात. म्हणून ती गाठ बहुधा जागच्या जागी घट्ट रुतलेली लागते.

हे सारे ज्ञान आपल्याकडच्या स्त्रीपर्यंत पोहोचण्यात आणखी एक भिंत होती. पुरुष डॉक्टरसमोर पदर बाजूला करणार कोण? १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी हिंदू स्त्रियांसाठी हिंदू स्त्री डॉक्टर हव्यात असे ठामपणे मांडले. त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत केवळ स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे रखमाबाईही लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. निदानाची पहिली पायरी म्हणजे दाखवणे, आणि ती पायरी या स्त्रियांनी बांधली.

दाखवल्यानंतर पुढे काय, याचे उत्तर मात्र अजून सुरीच देत होती. १८९४ साली अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. ही पद्धत पुढे जगभर पसरली. १९०५ साली मेयो क्लिनिकमधील लुई विल्सन यांनी गाठीचा तुकडा गोठवून, त्याचा काप रंगवून काही मिनिटांत तपासण्याची रीत बसवली. रोगी टेबलावर भूल दिलेल्या अवस्थेत असतानाच निकाल मिळू लागला. शोध मोठाच होता. पण त्यातून एक प्रथा रुजली. स्त्रीने आधीच कागदावर सही करायची, भूल घ्यायची आणि जागे झाल्यावर छातीला हात लावून पाहायचे की स्तन आहे की गेला. गाठ साधी निघाली तर सुटका. पण ते कळेपर्यंतची ती रात्र प्रत्येकीने काढलेली असे.

निदान आणि निर्णय यांची ही गाठ सोडवली ती एका साध्या सुईने. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन आणि एलिस यांनी सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे स्वीडनमधील डॉक्टरांनी अधिक बारीक सुई वापरून ती नावारूपाला आणली. १९५२ साली अमेरिकेत वाइल्ड आणि रीड यांनी ध्वनिलहरींनी स्तनातील गाठी तपासण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आजची सोनोग्राफी त्याच वाटेने आली. गाठ पाण्याची आहे की भरीव, तिची कड गुळगुळीत आहे की फाटकी, हे आता न कापता दिसते.

तंत्र आले तरी प्रथा लगेच बदलली नाही. ती बदलण्यासाठी एका रोगी स्त्रीला भांडावे लागले. १९७४ साली अमेरिकन पत्रकार रोझ कुशनर यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच भुलीत करायला त्यांनी नकार दिला. आधी निदान सांगा, मग मी ठरवीन, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांची गाठ कर्करोगाची निघाली, तरीही त्यांनी हा आग्रह सोडला नाही. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने निदान आणि उपचार या दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात अशी शिफारस केली. त्या समितीत कुशनरही होत्या. मधला वेळ स्त्रीचा झाला.

साध्या गाठींच्या बाबतीत शेवटचे पाऊल १९८७ साली पडले. कार्डिफ येथील ह्यूज, मॅन्सेल आणि वेबस्टर यांनी सुचवले की यांपैकी बहुतेक गाठींना रोग म्हणूच नये. वयात येताना, मासिक चक्रात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास स्तनाच्या ऊतीत सतत बदल होत असतात, त्या बदलांतील हा थोडासा तोल जाणे आहे. एकदा असे पाहिले की “थांबा” या शब्दामागचे शास्त्र कळते.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे येऊ. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. रेवसहून लाँचने भाऊचा धक्का आणि तेथून परळ, ही वाट या किनाऱ्यावरच्या अनेक घरांना ठाऊक आहे. त्याच टाटा केंद्राची संशोधन संस्था आज याच जिल्ह्यात, खारघरला आहे. टाटा केंद्रानेच मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निम्म्या गटातील स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडले. पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मात्र घट ठामपणे सिद्ध झाली नाही. दहावी-बारावी शिकलेल्या, नीट शिकवलेल्या हातांनाही गाठ ओळखता येते, हा त्यातला धडा.

हे सारे बाईंना सांगितले. मग तीन तपासण्यांचा नियम सांगितला. डॉक्टरांचा हात, चित्र (तरुणींमध्ये सोनोग्राफी, चाळिशीच्या आसपास व पुढे मॅमोग्राफीही) आणि सुई. तिन्ही एकमुखाने “साधी” म्हणत असतील तर कर्करोग असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. तिघांत मतभेद असेल तर थांबायचे नाही, पुढची तपासणी करायची. गाठ भराभर वाढली, फार मोठी झाली, किंवा बाळगण्याची धास्तीच सोसवेना, तर काढणे योग्यच. सुईमुळे साध्या गाठीचा कर्करोग होत नाही. आणि “दुखत नाही म्हणजे काही नाही” हा समज उलटा आहे, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून थांबायचे ते तपासणीनंतर, तपासणीऐवजी नव्हे.

“भाचीला स्वतःला काय वाटते?” आम्ही शेवटी विचारले. बाई क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, “तिला कोणी विचारलेच नाही.”

पुढच्या वर्षी त्याच शिबिरात बाई पुन्हा भेटल्या. भाचीने गाठ ठेवायचे ठरवले होते. तिने एक वही घातली आहे. तारीख आणि सोनोग्राफीत आलेले माप, एवढेच ती त्यात लिहिते. पहिल्या नोंदीत अठरा मिलिमीटर होते आणि सहा महिन्यांनंतरच्या नोंदीतही अठराच. बाईंनी ती वही नववीच्या वर्गात, नाव न सांगता, निरीक्षणाची नोंद कशी ठेवावी हे शिकवताना दाखवली. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, “बाई, माझ्या आईलाही एक गाठ आहे. ती कोणाला सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाई त्या मुलीच्या घरी गेल्या.