टीप बिलात कशी शिरली

चंदीगडच्या सेक्टर 34 मध्ये प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे. आजूबाजूच्या एससीओंवर, म्हणजे खाली दुकान आणि वर कचेरी अशा त्या शहराच्या ठरलेल्या नमुन्याच्या इमारतींवर, कोचिंग क्लासच्या आणि व्हिसा सल्लागारांच्या पाट्यांची गर्दी. इथून निघालेले पासपोर्ट क्रूझ जहाजावर दोन वाटांनी पोचतात: एक सुट्टीला निघालेल्या कुटुंबाच्या पर्समधून, दुसरा त्याच जहाजावर नोकरीला निघालेल्या पोराच्या खिशातून. या दोघांचा हिशेब जहाजाच्या बिलातल्या एका ओळीवर होतो. माणशी, दररोज, साधारण 16 ते 20 डॉलर ‘ग्रॅच्युइटी’. चार माणसांचं कुटुंब, सात रात्री आणि 18 डॉलरचा दर धरला तर 504 डॉलर होतात, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या वर. बक्षिशी ही खुशीची गोष्ट, मग ती न विचारता बिलात कशी, हा प्रश्न पहिल्यांदा क्रूझला गेलेला प्रत्येक भारतीय विचारतो. त्याचं तयार उत्तरही सगळ्यांकडे असतं: अमेरिकन कंपन्यांची हाव. मला हे उत्तर अपुरं वाटतं. हाव होतीच, पण ती आधीही होती. टीप बिलात शिरली ती जेवणाचं ठरलेलं टेबल मोडल्यामुळे, आणि ते टेबल मोडण्यात मोठा हात एका आशियाई कंपनीचा होता.

टीपेचा जुना इतिहास बहुतेकांना माहीत असतो, म्हणून तो एका दमात सांगून टाकतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठ्या घरी पाहुणा निघाला की नोकरमंडळी दारात रांगेने उभी राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवावं लागे. 1760 च्या दशकात ही चाल बंद करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा लंडनमध्ये नोकरांनी दंगे केले. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमनच्या रेल्वे डब्यांत कृष्णवर्णीय पोर्टर तुटपुंज्या पगारावर ठेवले गेले आणि उरलेला पगार प्रवाशांच्या खिशातून निघावा असं गृहीत धरलं गेलं. 1909 पासून काही अमेरिकी राज्यांनी टीपेवर बंदीचे कायदे केले. 1926 पर्यंत ते सगळे गुंडाळले गेले. (‘टिप’ हे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टिट्यूड’चं लघुरूप आहे ही गोष्ट मात्र सोडून द्यावी. ती रचलेली आहे आणि फार चांगली रचलेलीही नाही.)

जहाजावर ही चाल आली तेव्हा तिला एक खास चौकट मिळाली. जुन्या पद्धतीच्या क्रूझवर प्रत्येक प्रवाशाला जेवणाची वेळ आणि टेबल नेमून दिलेलं असे. सात रात्री तेच टेबल, तेच शेजारी, तोच वेटर, तोच त्याचा मदतनीस. तिसऱ्या रात्रीपर्यंत वेटरला तुमचं नाव पाठ, तुम्हाला तिखट चालतं की नाही ते ठाऊक. शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये छोटी पाकिटं येत. एक केबिन सांभाळणाऱ्याचं, एक वेटरचं, एक मदतनिसाचं, एक मुख्य वेटरचं. सोबत सुचवलेला दर. रॉयल कॅरिबियनचा 2000 नंतरच्या वर्षांतला दर पाहा: केबिनवाल्याला दिवसाला साडेतीन डॉलर, वेटरला साडेतीन, मदतनिसाला दोन, मुख्य वेटरला पाऊण. बेरीज पावणेदहा. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे. या व्यवस्थेतली पळवाटही सर्वांना माहीत होती. शेवटच्या रात्री डायनिंग रूमकडे फिरकायचंच नाही, बुफेत जेवायचं, आणि पाकीट आपल्याच बॅगेत ठेवून उतरायचं. पण बहुतेक लोक असं करत नसत, कारण ज्याने आठवडाभर नावाने हाक मारली त्याची नजर चुकवणं माणसाला जड जातं. टीप टिकून होती ती या ओळखीच्या बळावर.

आता 2000 साल. मलेशियाच्या गेंटिंग समूहाने 1993 मध्ये स्टार क्रूझेस काढली होती. आशियाई गिऱ्हाईक रोज रात्री साडेआठला कोट घालून अनोळखी माणसांसोबत एकाच टेबलावर बसायला राजी नव्हतं. त्याला कधी चिनी, कधी जपानी, कधी भारतीय जेवण हवं होतं, तेही आपल्या वेळेला आणि आपल्या माणसांबरोबर. म्हणून स्टारच्या जहाजांवर एका मोठ्या डायनिंग रूमऐवजी अनेक रेस्टॉरंट होती. 1999-2000 मध्ये स्टारने नॉर्वेजियन क्रूझ लाइन विकत घेतली आणि लगेच, 2000 मध्ये, नॉर्वेजियनने ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’ जाहीर केलं: ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कोटाची सक्ती नाही. त्याच बरोबर आला माणशी दररोज सुमारे 10 डॉलरचा सेवा आकार, आपोआप खात्यात जमा होणारा. दहा डॉलर, पाकिटांची बेरीज पावणेदहा. माझ्या मते हा योगायोग नाही. सात रात्री सात वेटर असतील तर पाकिटावर नाव कोणाचं लिहायचं? टीपेचा पत्ता हरवला, तेव्हा चारही पाकिटं एकत्र ओतून त्यांची एक ओळ केली गेली. खर्च तोवर केबिनच्या कार्डावर चढू लागलेलाच होता, त्यामुळे ती ओळ टाकायला वेगळी यंत्रणा लागली नाही. हीच स्टार क्रूझेस 2005 मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ घेऊन मुंबईच्या बंदरात आली आणि गोवा-लक्षद्वीपच्या सहली विकू लागली. आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांना क्रूझची पहिली ओळख झाली ती अशी, टेबल आधीच मोडलेल्या जहाजावर.

या तर्काला दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणतो, हे सगळं युरोपातून आलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत बिलावर दहा टक्के सेवा आकार रूढ झाला, फ्रान्सने 1987 पासून तो मेनूवरच्या किमतीतच धरायला लावला. जहाजांनी तेच उचललं. पण युरोपातला आकार बिलाच्या टक्क्यात असतो, जास्त खाल्लं तर जास्त. जहाजावरचा आकार माणशी-दररोज असतो, उपाशी राहिलात तरी तितकाच. हा साचा युरोपच्या बिलाचा नाही, त्या चार पाकिटांचा आहे. (बारमधल्या पेयांवर जहाजंही टक्क्यानेच आकारतात, आणि बारमध्ये टेबल कधीच ठरलेलं नव्हतं, हेही पाहण्यासारखं.) दुसरा प्रतिस्पर्धी पगाराचा. जहाजं पनामा-बहामाच्या झेंड्याखाली फिरतात, वेटरचा मूळ पगार किरकोळ, तो प्रवाशाच्या माथी मारायचा म्हणून ही युक्ती, असं तो म्हणतो. वर्णन खरं आहे, पण त्यातून काळ उलगडत नाही. पगार 1980 मध्येही किरकोळ होता, झेंडेही तेच होते, तरी पाकिटं चाललीच. हॉलंड अमेरिका लाइन तर कित्येक वर्षं ‘टीप आवश्यक नाही’ अशी जाहिरात करत होती, आणि तिचे वेटर इंडोनेशियाचेच असत. कमी पगार असला की टीप बिलात येतेच असं नव्हे. काही कंपन्यांनी टेबलं ठरलेली असतानाच आकार लावला, हा आक्षेपही मला मान्य आहे. पण त्यांनी तो लावला 2000 नंतर, शेजारच्या कंपनीचं चालून गेलं हे पाहून. नक्कल करणाऱ्याला मूळ कारण लागत नाही.

माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा रॉयल कॅरिबियनचा आहे. तिने ‘माय टाइम डायनिंग’ आणलं तेव्हा एकाच जहाजावर दोन पंगती बसू लागल्या: जुन्या पद्धतीच्या ठरलेल्या टेबलावरच्या आणि हव्या त्या वेळी येणाऱ्यांच्या. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला टीप आगाऊ भरावी लागे. पहिला निवडणाऱ्याला पाकिटाची मुभा राहिली. कंपनी एक, झेंडा एक, पगारपत्रक एक. फरक फक्त टेबलाचा. 2013 मध्ये सगळ्यांनाच आपोआप आकार लागला, तोवर ही वेगळी वागणूक चालू होती. हाव किंवा युरोप, यापैकी एकानेही ही दुहेरी वागणूक समजावून सांगता येत नाही.

टीपेचा पत्ता कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडच्या माणसांना नवा नाही. पी अँड ओच्या जुन्या जहाजांवर भरतीची वाटणी प्रांतवार होती: डेकवर गुजरातचे आणि रत्नागिरीकडचे खलाशी, सारंग आणि तांडेलांच्या हाताखाली, खाली इंजिनाच्या भट्टीत पंजाबी आणि पठाण, आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणाखाण्याच्या आणि केबिनच्या कामाला, गोवेकर. प्रवाशाला दिसत होता तो फक्त गोवेकर स्टुअर्ड, त्यामुळे टीपही त्यालाच. कोळसा ओढणारा पंजाबी आणि दोर ओढणारा कोकणी यांच्या हातावर प्रवाशाने काही ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. गोव्यातल्या तारवट्याचं, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्याचं, नशीब डेकवरच्या माणसापेक्षा वेगळं ठरलं, त्यात पगाराइतकाच या दृष्टीस पडण्याचाही वाटा असावा, असा माझा कयास आहे. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात मुंबईत धोबी तलाव भागातल्या आपापल्या गावच्या कुडात, एका मोठ्या खोलीत भिंतीकडेला पेट्या लावून राहणारे हे तारवटी. आजच्या सामाईक आकारातून धोबीखान्याला आणि स्वयंपाकघराला वाटा मिळतो, हा त्याच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. डेक आणि इंजिन मात्र सहसा अजूनही बाहेरच. प्रांतांची भिंत गेली, खात्यांची तशीच राहिली.

बिलातली ही ओळ आपल्याला परकी वाटते, पण तिचं जवळचं नातं आपल्या बलुत्याशी आहे. सुगीला खळ्यावर बलुतेदाराला जे मिळे ते एकेका कामाचा मोबदला म्हणून नव्हे. वर्षभर कुऱ्हाडीला धार लावायला लोहाराकडे गेलात की नाही, हे न पाहता वाटा ठरलेला. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या ‘गावगाड्या’त या व्यवस्थेची कठोर तपासणी केली. कोणी म्हणेल, बलुत्याशी तुलना म्हणजे जहाजाच्या वेटरला उगीच मोठेपणा. उलट आहे. बलुतेदाराचं वतन होतं, वाटा अडवला तर दाद मागायला गोतसभा होती. पुढे ही वतनं गेली तीही कायद्याने. वेटरचा वाटा मात्र प्रवासी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन एका सहीने काढून टाकू शकतो, कारण बऱ्याच कंपन्या ही रक्कम ‘ऐच्छिक’ ठेवतात. देणाऱ्यावर सक्तीसारखी, घेणाऱ्याला भरवसा नसलेली अशी ही मधलीच गोष्ट झाली आहे. आपल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने मालकाच्या मर्जीचं देणं कामगाराचा हक्क केलं, पण तिथे पैसे मालक देतो. जहाजावरच्या ग्रॅच्युइटीत मालकाने स्वतःला त्यातून सोडवून घेतलं आहे.

भारतात याच वादावर निकाल लागलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी हॉटेलांनी बिलात सेवा आकार आपोआप लावू नये असं बजावलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 28 मार्च 2025 रोजी हरल्या. हॉटेलापुरता हा निकाल मला योग्य वाटतो, कारण तिथल्या वेटरला आपल्या देशाचा किमान वेतनाचा कायदा लागू आहे आणि पदार्थाची किंमत वाढवायला मालकाला कोणी अडवलेलं नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजावर हाच न्याय आपला आपण लावून ती ओळ खोडणं मात्र चूक आहे. तिथे खोडल्याने मालकाचं काही जात नाही. खरा उपाय पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये केला: वेगळा आकार बंद, जे काही ते तिकिटात. टेबल मोडल्यावर टीपेला पत्ता उरत नसेल तर तिची जागा भाड्यातच आहे, आणि बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी ते न करण्याचं कारण एवढंच, की जाहिरातीतलं भाडं त्यामुळे मोठं दिसतं. म्हणून क्रूझ ठरवताना एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा, की भाड्यात ग्रॅच्युइटी धरली आहे का, मुलांचीही धरली आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. धरली नसेल तर ती रक्कम भाड्यातच मिळवून दोन जहाजांची तुलना करा, आणि एकदा जहाजावर चढलात की तिच्यावर घासाघीस करू नका.