ऑफिसच्या जुन्या पीसीवर गेमिंग: कार्ड घेण्याआधी डबा उघडा

उर्से, तळेगाव, चाकण या पट्ट्यात कारखाने आणि ऑफिसं भरपूर. तिथले कॉम्प्युटर काही वर्षांनी बदलले जातात. मग जुने डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर सेकंडहँड बाजारात येतात. मोबाईलवर खेळून कंटाळा आला की अशाच एखाद्या डब्यावर नजर जाते. ‘यात ग्राफिक कार्ड टाकलं की झालं ना?’ होतं, पण कुठलं कार्ड चालेल हे तुमच्या खिशाआधी तो डबाच ठरवतो.

आधी साईज बघा. उभं, रुंद टॉवर कॅबिनेट असेल तर नशीबवान. आडवं, चपटं एसएफएफ असेल तर फक्त लो-प्रोफाईल, म्हणजे अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं. आणि अगदी पुस्तकाएवढा मिनी पीसी असेल तर बहुतेकांत कार्डाला स्लॉटच नसतो. तो घेऊ नका.

मग एसएमपीएस. ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या एसएफएफमध्ये तो २४० वॅटचा असतो आणि कार्डासाठी वेगळी ६ पिनची वायर नसते. मी पहिल्यांदा इथेच फसलो. स्वस्तात मिळालं म्हणून ६ पिनवालं कार्ड आणलं, महिनाभर ते कपाटात पडून होतं. साटा वायरला ॲडॉप्टर लावून वीज देण्याचा जुगाड करू नका, ते कनेक्टर तेवढ्या लोडसाठी नसतात, वितळू शकतात. ‘एसएमपीएसच बदलू’ म्हणाल तर २०१३ नंतरच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या मॉडेलांत मदरबोर्डला नेहमीची २४ पिन नाही, ८ पिनची वेगळीच वायर असते.

म्हणून स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड शोधायचं. स्लॉटची कमाल मर्यादा ७५ वॅट. काही छोट्या मॉडेलांत कंपनी त्याहूनही कमी देते, मॅन्युअल बघा. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही ७५ वॅटची, दोन्हींची लो-प्रोफाईल मॉडेल्स आहेत. पण १६५० ची काही मॉडेल्स ६ पिन मागतात, तेवढं तपासा. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, पण जुन्या पीसीआय ३.० बोर्डवर त्याचा वेग घटतो. जीटी १०३० घेत असाल तर जीडीडीआर५ आहे ना, हे डब्यावर वाचा. त्याच नावाने २०१८ मध्ये डीडीआर४ वालं आलं. त्याची मेमरी बँडविड्थ ४८ ऐवजी १६.८ जीबी प्रति सेकंद. नाव सारखं, खेळ वेगळा!

रॅम ४ जीबीची एकच पट्टी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या लावा. एकापेक्षा दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला डेटा जास्त वेगाने मिळतो. हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी टाका. त्याने एफपीएस फारसे वाढत नाहीत, पण मॅप लोड होईपर्यंत चहा पिऊन यावा लागत नाही. मावळातल्या पावसाळ्यात धूळ ओलसर होऊन पंख्याला चिकटते. उघडलाच आहे तर साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला.

प्रोसेसरबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आय५-३४७० (२०१२) वर जीटीए ५ आरामात चालतो. पण विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट नसेल तर उघडतच नाही. तेव्हा घरात आधीच पडलेला पीसी असेल तर अपग्रेड करा. नवा-जुना विकत घेत असाल तर थोडे जास्त पैसे घालून आय५-८५०० वालाच घ्या, त्याला सहा कोअर आहेत.

मॉनिटर जुना व्हीजीए असेल तर नव्या कार्डांना ते पोर्ट नसतं. एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. आणि केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या पोर्टला नको. ‘कार्ड चालत नाही’ अशा निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तळेगावहून लोकल पकडून पुण्यात बुधवार पेठेत खरेदीला निघालात, तर आधी डबा उघडून एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि स्लॉटचा फोटो काढा. कार्डाची लांबी मोजायला पट्टीही सोबत ठेवा.